तुमच्या दारात आलंय ते घुबड नक्की कुठलं?

मागच्या अंकात सांगलीतल्या एका जुन्या पिंपळाच्या ढोलीतून डोकावणाऱ्या पिंगळ्यांच्या जोडीचा फोटो काय छापला, तेव्हापासून या सदराला घुबडांशिवाय दुसरा विषयच राहिला नाही. रात्री साडेअकराला आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवणारे पण बरेच आहेत, पाठवा की, माझी काहीच तक्रार नाही, फक्त मागे मालिका चालू नसेल तर बरं, कारण एका रेकॉर्डिंगमध्ये घुबडापेक्षा सासू-सुनेचं भांडणच जास्त ऐकू आलं. प्रश्न ढीगभर आणि पानं मोजकी, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि एक विनंती, नुसतं "घुबड आलंय, काय करू?" एवढंच लिहू नका. जगात घुबडांच्या अडीचशेच्या आसपास जाती आहेत, आपल्या सातारा-सांगलीतच आठ-दहा तरी सापडतील, आणि प्रत्येकाची राहायची जागा वेगळी, खाणं वेगळं, तऱ्हा वेगळी. कुठलं आहे ते कळल्याशिवाय उत्तर देण्यात काही अर्थ नसतो.

प्रश्न: सर, आम्ही कराडजवळ राहतो. बिल्डिंगच्या डक्टमध्ये एसीच्या युनिटमागे चार पिल्लं आहेत, पांढरी तोंडं, माकडासारखी दिसतात, रात्रभर फुस्स फुस्स करतात. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी म्हणतंय अमेरिकन घुबड, कोणी म्हणतंय गरुडाची पिल्लं, एकजण तर एलियन म्हणाला. सासूबाईंना अपशकुन वाटतोय. वॉचमन म्हणतो काठीने काढतो. काय करावं?

उत्तर: ताई, आधी वॉचमनच्या हातातली काठी घ्या, मग पुढचं वाचा. ही गव्हाणी घुबडाची पिल्लं आहेत. दर वर्षी देशात कुठे ना कुठे यांचा व्हिडिओ एलियन म्हणून फिरतो, आणि खरं सांगायचं तर पिसं पूर्ण यायच्या आधी ती दिसतातच तशी, लांबट तोंड, काळे डोळे, अंगावर लव, आणि माणूस जवळ गेला की मान खाली घालून डावी-उजवी डुलवत फुत्कारायचं. तो फुत्कार म्हणजे काही शाप नाही, निम्म्या वेळा "भूक लागली" आणि निम्म्या वेळा "लांब हो" एवढाच त्याचा अर्थ. हे घुबड बाकीच्यांसारखं घुमत नाही, मोठं झालं तरी घुमत नाही, ते चिरकतं. अर्ध्या रात्री छतावरून किंचाळत जातं त्याला लोक भूत समजतात ते हेच.

तुमच्या चार पिल्लांत एक मोठं आणि एक अगदीच बारकं असणार, बघा. मादी एक-दोन दिवसांआड अंडं घालते पण पहिलं अंडं घातलं की लगेच उबवायला बसते, म्हणून पिल्लंही मागेपुढे फुटतात. त्या वर्षी उंदीर भरपूर असले तर सगळी जगतात, नसले तर धाकटं बहुतेक जात नाही पुढे. आपल्याला ते बघवत नाही, पण त्यांचा हिशेब तसाच आहे.

आता अमेरिकन म्हणणारे काका. ते अगदीच हवेत बोलत नाहीयेत. अंटार्क्टिका सोडला तर सगळ्या खंडांवर हे घुबड आहे, आणि बरीच वर्षं ते सगळीकडे एकच जात म्हणून धरलं जायचं. आता बरेच शास्त्रज्ञ त्याचे तीन भाग करतात, युरोप-आफ्रिकेकडचं एक, अमेरिकेतलं एक आणि भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतचं एक. म्हणजे तुमच्या डक्टमध्ये आहे ते तिसरं, अस्सल इकडचं, पिढ्यानपिढ्या वाड्यांच्या माळवदाखाली, देवळांच्या शिखरात आणि किल्ल्यांच्या बुरुजात राहिलेलं. वाडे पडले, बिल्डिंगी झाल्या, त्याने पत्ता बदलला एवढंच. घुबडांची जगात दोनच कुळं, एक या गव्हाणीचं, त्यात वीसेक जाती, आणि बाकी सगळी दुसऱ्या कुळात. तोंड बदामाच्या आकाराचं दिसलं की समजायचं पहिलं कूळ.

सासूबाईंना सांगा की पिल्लं साधारण दोन महिन्यांत उडून जातात, तोवर खालच्या बाजूला एक जुनं फ्लेक्स अंथरा म्हणजे घाण गोळा करता येईल. अंड्या-पिल्लांना हात लावणं, घरटं काढणं कायद्याने गुन्हा आहे, हेही ग्रुपवर टाका, ते वाचलं की बाकीची चर्चा आपोआप थांबते. आणि फ्लेक्सवर काळे, चकचकीत, अंगठ्याएवढे गोळे पडलेले दिसले तर ती विष्ठा नाही. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळा करून तोंडाने बाहेर टाकतं, त्याला पेलेट म्हणतात. एक वाळलेला गोळा घ्या, कोमट पाण्यात भिजत घाला, पोरांना शेजारी बसवा आणि टूथपिकने सोडवा. आधी नुसते करडे केस निघतात, मग अख्खी कवटी हाताला लागते, नखाएवढी. पुढे दोन वाकडे नारिंगी दात, त्यानंतर रिकामी फट आणि मग दाढा असतील तर उंदीर. फट नाही, पुढून मागेपर्यंत बारीक टोकदार पांढरे दात असतील तर चिचुंद्री. एका गोळ्यात दोन-तीन कवट्या सहज निघतात आणि तो गोळा एका रात्रीचा. तुमच्या डक्टमध्ये सहा पोटं आहेत, गुणाकार तुम्हीच करा आणि सासूबाईंना दाखवा.

प्रश्न: वाळवा तालुक्यात चार एकर ऊस आहे. उंदीर आणि घुशींनी बुडख्यातून ऊस कुरतडून आडवा केलाय. घुबड पाळलं की उंदीर संपतात असं यूट्यूबवर बघितलं. जोडी कुठं मिळेल आणि दर काय? आणि अंधारात त्याला उंदीर दिसतो तरी कसा?

उत्तर: दर नाही ओ दादा, आणि कोणी दर सांगितलाच तर तो आणि तुम्ही दोघं एकाच गाडीतून फॉरेस्ट ऑफिसला जाल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घुबड धरणं, विकणं, पाळणं सगळंच बंद आहे. पण तुमच्या प्रश्नात दम आहे, कारण घुबड पाळावं लागतच नाही, त्याला फक्त बसायला आणि राहायला जागा दिली की ते आपल्या पायाने येतं.

इस्रायलमध्ये स्दे एलियाहू नावाची शेतकऱ्यांची एक वसाहत आहे, तिथं १९८३ पासून शेतात पेट्या टांगून गव्हाणी घुबडं बोलवायला सुरुवात झाली, पुढे देशभर पेट्या लागल्या आणि शेजारच्या जॉर्डनच्या आणि पॅलेस्टिनी शेतकऱ्यांनीही ते उचललं. त्या तिघांचं आपसात काय चालतं ते आपल्याला पेपरात दिसतंच, तरी घुबडावर एकमत झालं. मलेशियात तेलताडाच्या बागांमध्ये हेच करतात. एक जोडी पिल्लांसकट वर्षाला हजाराच्या वर उंदीर सहज फस्त करते.

पण ऊस म्हणजे तेलताड नाही हे यूट्यूबवाला सांगत नाही. उभ्या, पडलेल्या, पाचट लोंबणाऱ्या उसात घुबड शिरत नाही, शिरूच शकत नाही, त्याचे पंख लांब असतात. ते शिकार करतं बांधावर, पाटाच्या कडेला, कोवळ्या लावणीत आणि तोडणी होऊन रान मोकळं झालं की खोडव्यात. तुमच्या शेजारी सोयाबीन, भुईमूग, गहू असेल तर तिथं अजून सोपं. त्यामुळे उंदीर संपतील असं मी लिहून देणार नाही, कमी होतील, आणि तेही बांध मोकळे ठेवलेत तर. हरभऱ्यात अळीसाठी आपण पक्षीथांबे लावतो ना, टी आकाराचे, तेच लावा पण जरा जाड बांबूचे आणि माणसाच्या दीडपट उंच, कारण घुबडाचं वजन साळुंकीएवढं नसतं. पेटीचं म्हणाल तर दीड फूट रुंद, दोन फूट लांब, जुन्या प्लायची चालते, भोक सहा इंची आणि तळापासून चांगलं वर, नाही तर पिल्लं बाहेर पडतात. शेडच्या आत आढ्याला किंवा एकट्या मोठ्या झाडाला बांधा आणि विसरून जा, रोज शिडी लावून बघितलंत तर येणारं पण येणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकीकडे पेटी टांगायची आणि दुसरीकडे ब्रोमॅडिओलोनचे केक टाकायचे असं करू नका. ते विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, म्हणजे घुबडाला आयताच सापडतो, आणि असे पाच-सहा खाल्ले की घुबड पण रक्तस्रावाने मरतं. मग तुम्हीच परत लिहिणार की पेटी लावली पण घुबडं टिकली नाहीत.

अंधारात त्याला उंदीर दिसतो कसा, हेही तुम्ही विचारलंय. दिसतो, पण त्याहून जास्त ऐकू येतो. गव्हाणीच्या डोक्यात कानाची दोन भोकं एका रेषेत नसतात, डावं वर आणि उजवं जरा खाली, त्यामुळे खालचा आवाज डाव्या कानाला मोठा लागतो आणि वरचा उजव्याला. डावी-उजवी बाजू त्याला आवाज कुठल्या कानात आधी पोचला यावरून कळते. म्हणजे उभं आणि आडवं दोन्ही मोजमाप फक्त कानाने, आणि तो बदामाच्या आकाराचा चेहरा आवाज गोळा करून कानात सोडायला, डिश अँटेनाच म्हणा. अमेरिकेत रॉजर पेन नावाच्या शास्त्रज्ञाने खोली पूर्ण काळोखी करून, खाली पाला पसरून त्यात उंदीर सोडला होता, घुबडाने नुसत्या सळसळीवर झडप घालून धरला. हेच पेन पुढे देवमाशांच्या गाण्यांसाठी जगभर गाजले. आणि पंखांचा आवाज उंदराला का येत नाही, तर पंखाच्या पुढच्या कडेला बारीक कंगवा असतो, मागच्या कडेला झालर आणि वर मखमल. गळून पडलेलं पीस सापडलं तर पुढच्या कडेवरून बोट फिरवून बघा, खरखर लागते.

प्रश्न: मी साताऱ्यात आठवीत आहे. जगातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात छोटं घुबड कोणतं? घुबडाची मान पूर्ण गोल फिरते का? आणि त्याला दिवसा दिसत नाही हे खरं आहे का?

उत्तर: बाळा, तीन मार्कांचे तीन प्रश्न एकदम. सगळ्यात छोटं एल्फ घुबड, अमेरिकेच्या नैऋत्येला आणि मेक्सिकोत, लांबी १३-१४ सेंटीमीटर, वजन ४० ग्रॅमच्या आसपास. वाळवंटातल्या उंच सग्वारो निवडुंगाला सुतारपक्षी भोकं पाडून ठेवतात, त्यात हे राहायला जातं आणि किडे, नाकतोडे, विंचू खातं. विंचवाची नांगी आधी काढून टाकतं. सगळ्यात मोठं म्हणजे ब्लॅकिस्टनचं मत्स्यघुबड, रशियाच्या अगदी पूर्व टोकाला आणि जपानच्या होक्काइडो बेटावर. पंख पसरले की सहा फूट, मादी साडेचार किलोपर्यंत जाते. कडाक्याच्या थंडीतही वाहती राहणाऱ्या नद्यांमध्ये मासे धरतं आणि राहायला त्याला फार जुन्या झाडाची प्रचंड ढोली लागते, तशी झाडंच तुटली म्हणून आता ते मोजकंच उरलंय. होक्काइडोचे मूळ रहिवासी ऐनू लोक त्याला गाव राखणारा देव मानतात. लांबी बघितली तर करडं महाघुबड त्याच्याही पुढे जाऊ शकतं, पण ते नुसता पिसांचा फुगवटा, वजनाला दीड किलोच्या आतबाहेर. त्याचं कौतुक वेगळं आहे, दीड फूट बर्फाखाली पळणारा उंदीर ते वरून ऐकतं आणि बर्फात सूर मारून काढतं.

मान पूर्ण गोल फिरत नाही, २७० अंशांपर्यंत फिरते. चित्रपटात फिरकीसारखी दाखवतात ती खोटी. त्याला फिरवावीच लागते, कारण त्याचे डोळे नळीसारखे असतात आणि खोबणीत घट्ट, आपल्यासारखी बुबुळं डावी-उजवीकडे नेता येत नाहीत. आपल्या मानेत सात मणके, त्याच्या १४. आपण इतकी मान पिळली तर मेंदूचा रक्तपुरवठाच तुटेल, घुबडाच्या मणक्यांत रक्तवाहिनीसाठी जी भोकं असतात ती वाहिनीपेक्षा दहापट रुंद असतात, त्यामुळे ती चिमटत नाही. हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये मांडलं.

आणि दिवसा दिसतं, चांगलं दिसतं. उत्तर ध्रुवाकडच्या हिमघुबडाला उन्हाळ्यात रात्रच मिळत नाही, दिवसा दिसलं नसतं तर उपाशी मेलं असतं. तुझ्या शाळेच्या आवारात एखादं जुनं झाड असेल तर दुपारी ढोलीकडे बघ, पिंगळा ऊन खात बसलेला असतो, आणि आपण बघतोय हे त्याला आपल्याआधी कळतं, डोकं वर-खाली करून बघतो. सरांनी उत्तर चूक दिलं तर हे पान दाखव, पण नम्रपणे.

प्रश्न: शिराळ्याचा आहे. चांदोलीच्या बाजूला ट्रेकला गेलो तेव्हा दिवसाढवळ्या फांदीवर छोटं घुबड बसलेलं मिळालं, फोटो जोडलाय. मित्र म्हणतोय दुर्मिळ रानपिंगळा. खरं का?

उत्तर: फोटो मोठा करून बघितला, छान आलाय, पण तुमच्या मित्राला पार्टी द्यावी लागणार नाही. हा जंगली पिंगळा आहे. डोक्यापासून पाठीपर्यंत बारीक आडव्या रेघा भरल्यात बघा, ती त्याची खूण. गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, पोट मधून पांढरंशुभ्र, शेपटीवर रुंद पट्टे आणि पाय त्या देहाला शोभणार नाहीत इतके दणकट. तोही दिवसा फिरतो म्हणून घोटाळा होतो. त्याच्या नोंदी आहेत त्या सातपुडा, मेळघाट, इकडे तानसा आणि गुजरात-मध्य प्रदेशाच्या काही भागात, चांदोली त्या पट्ट्यात येत नाही.

पण रानपिंगळ्याचं नाव काढलंत तर ती भानगड सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. काँग्रेसचे संस्थापक ॲलन ह्यूम आपल्याला शाळेत भेटतात, ते पक्ष्यांचे जबरदस्त अभ्यासक होते हे तिथं कोणी सांगत नाही. आजच्या छत्तीसगडच्या बाजूला ब्लुइट नावाच्या माणसाला एक पिंगळा मिळाला, ह्यूमनी १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ब्लुइटचंच नाव दिलं. सगळे मिळून मोजून सात नमुने जगातल्या संग्रहालयांत गेले, त्यातले काही खानदेशातून डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने गोळा केलेले. १८८४ नंतर सगळं थंड. मधेच रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा एक नमुना होता, त्याच्यावर १९१४, मांडवी, गुजरात असं लिहिलेलं. हा माणूस पक्षीशास्त्रात फार मोठा मानला जायचा, त्यामुळे लोक पुढे त्याच नोंदीच्या भरवशावर शोधत राहिले आणि हात हलवत परत आले.

मग पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला. प्रत्येक माणसाची पक्षी सोलून, भरून ठेवायची एक धाटणी असते, आणि या नमुन्यात आधीच्या शिलाईवर नंतरची कारागिरी केल्याच्या खुणा होत्या. निघालं काय, तर साहेबांनी लंडनच्या संग्रहालयातला डेव्हिडसनचाच जुना नमुना ढापला, उसवून परत भरला आणि स्वतःची चिठ्ठी लावली. एवढा मोठा माणूस आणि भुरटी चोरी, काय म्हणायचं! मांडवीची नोंद खोटी ठरल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी फक्त जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, झाडावर ऊन खात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. आणि गंमत म्हणजे तिथल्या आदिवासींना तो रोजचा शेजारी होता, हरवला होता तो फक्त आपल्या पुस्तकांमधून. आज तो धोक्यातल्या यादीत आहे, जंगलतोड आणि वणवे हे त्याचं मुख्य दुखणं.

तुमचा जंगली पिंगळाही काही कमी नाही, नोंद करून ठेवा, तारीख आणि ठिकाणासकट. खरी तारीख, खरं ठिकाण.

प्रश्न: ओळखीतल्या एकाला फोन आला की दिवाळीच्या अमावास्येला घुबडाची पूजा केली की पैसा येतो, दोन नखं जास्त असलेलं घुबड लाखांत विकलं जातं. आमच्या रानात घुबड आहे. (नाव-गाव छापू नये.)

उत्तर: नाव-गाव छापत नाही, पण ऐका. जास्त नखांचं, एवढ्या वजनाचं, तेवढ्या वजनाचं, ही सगळी फसवायची भाषा आहे, पैसा येतो तो फक्त फोन करणाऱ्याला. मांडुळाच्या नावावर आपल्या भागात किती जण बुडाले ते आठवा. घुबडाच्या व्यवहारात तुरुंग आणि दंड दोन्ही आहेत, घेणाऱ्यालाही. लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि त्याच लक्ष्मीपूजनाला त्याचा बळी द्यायचा, हा हिशेब मला आजवर कोणी समजावून देऊ शकलेलं नाही. वन विभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे, तो फोन परत आला तर तिकडे कळवा. मांज्यात अडकलेलं किंवा जखमी घुबड मिळालं तरी हाच नंबर, तोवर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. दूध-पाणी चमच्याने पाजू नका, श्वासात जातं आणि मरतं.

प्रश्न: मिरजेहून लिहितेय. मुलाच्या पुस्तकात लिहिलंय की एक घुबड जमिनीत बिळात राहतं. छपाईची चूक असावी का?

उत्तर: चूक नाही ताई. दोन्ही अमेरिका खंडांत बिळघुबड आहे, वीतभर उंच, लांब काटकुळे पाय, उघड्या माळावर प्रेअरी डॉग (नावात कुत्रा, पण बिळं करणारी खारच ती) किंवा तसल्या प्राण्यांनी सोडलेल्या बिळात राहतं. झाडच नाही तर करणार काय. ते बिळाच्या तोंडाशी गुरांचं शेण आणून पसरतं, लोकांना वाटायचं वासाने शत्रू फसावा म्हणून, पण २००४ मध्ये प्रयोग करून दाखवलं गेलं की शेणाला शेणकिडे येतात आणि घुबड ते दारात बसून खातं. पिल्लं तर अजून पक्की, बिळात कोणी डोकावलं की खुळखुळ्या सापासारखा आवाज काढतात. आपल्याकडे जमिनीवर बसणारं बघायचं असेल तर हिवाळ्यात माण-खटावच्या गवताळ माळांवर संध्याकाळी नजर ठेवा, उत्तरेकडून आखूड कानाचं घुबड पाहुणं येतं आणि गवतातच दबा धरून बसतं. नशीब लागतं, पण दिसलं तर गवतातून एकदम उठतं.

प्रश्न: आटपाडीकडचा शेतकरी. आमच्या जुन्या विहिरीत, कपारीला मोठं शिंगवालं घुबड बसतंय, रात्री "बूऽऽहू" करून घुमतंय. म्हातारी माणसं म्हणतात नाव घेऊन बोलावतं, ओ द्यायची नाही, आणि दगड मारायचा नाही, ते दगड झेलून उगाळत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. विहीर सिमेंटने बांधून घ्यायची आहे. घुबडाचं काय करू?

उत्तर: हे शृंगी घुबड. दीड-पावणेदोन फूट उंच, नारिंगी डोळे, आणि ती शिंगं म्हणजे नुसते पिसांचे तुरे, कान पण नव्हेत. ओढ्याची दरड, खाणीची कपार, जुन्या विहिरीची न बांधलेली बाजू ही त्याची ठरलेली ठिकाणं, काड्या गोळा करून घरटं बांधायची भानगड नाही, कपारीच्या मातीवरच दोन ते चार अंडी. डाळिंबाच्या पट्ट्यात उंदीर-घुशी भरपूर, त्यामुळे ते तुमचा बिनपगारी रखवालदार आहे. नाव घेऊन बोलावतं म्हणाल तर ते बोलावतं, पण त्याच्या बायकोला. नर-मादी एकमेकांना साद घालतात आणि बाकीच्या नरांना हद्द सांगतात, शांत रात्री तो आवाज फार लांब जातो.

दगड उगाळायची समजूत साफ खोटी आहे. तरी ती मोडून काढायची मला अजिबात घाई नाही, खरं सांगतो, कारण त्या एका भीतीने किती पोरांच्या गोफणी खाली राहिल्या असतील. अडचण अशी आहे की त्याच भीतीपोटी लोक रात्री जाळ दाखवून हुसकतात, पिल्लं काठीने खाली ढकलतात, म्हणजे एका हाताने राखायचं आणि दुसऱ्याने मारायचं.

विहिरीचं काम म्हणजे खरी पंचाईत आहे, कारण पाणी आटतं उन्हाळ्यात, काम करता येतं तेव्हाच, आणि त्यांचा अंडी-पिल्लांचा काळ साधारण नोव्हेंबर ते मे. म्हणून आधी बघून घ्या. कपारीखाली पांढऱ्या शिटेचे ओघळ, हाडं, उंदरांच्या शेपट्या ताज्या दिसल्या आणि मादी दिवसभर हलत नसेल तर आत अंडी किंवा पिल्लं आहेत असं धरा. पिल्लं उडता यायच्या आधीच चालत कपारीबाहेर येतात, त्यामुळे विहिरीच्या काठावर एखादं लव भरलेलं पिल्लू बसलेलं दिसलं तर ते टाकून दिलेलं नाही, उचलून घरी नेऊ नका, आई-बाप तिथंच कुठंतरी बाभळीत बसून बघत असतात. कंत्राटदाराला सांगून बाकीच्या तीन बाजू आधी घ्या आणि ती बाजू अगदी शेवटी. त्या बाजूला वरच्या अंगाला दोन-अडीच फूट रुंद आणि हातभर खोल असा एक कोनाडा न गिलावा करता सोडला तर बांधकामाला काही होत नाही, खर्च उलट वाचतो, आणि जोडी तिथं परत येऊ शकते. आणि रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला जाता तेव्हा बॅटरी कपारीवर मारू नका, पायाखाली मारा, तिथं विंचू-साप असतात.